उभा राहील त्याचं नाटक

माझ्या विनोदाला हसणारी माणसं मला लहानपणापासून फार आवडतात. न हसणाऱ्यांची प्रकृती ठीक नसावी, असं मी धरून चालतो. ही गोष्टसुद्धा मी कित्येक वर्षं विनोदी म्हणूनच सांगत आलो. लग्नकार्यात, वाढदिवसाला, केक कापून झाल्यावर कोणीतरी म्हणायचंच, "तो पंख्याच्या व्हिसाचा किस्सा सांग ना." मी सांगायचो, लोक हसायचे. सांगताना त्यातलं थोडंसं गाळायचो. जे गाळायचो ते आज लिहितो आहे, तेव्हा हसू कमी आलं तर समजून घ्या.

आम्ही तेव्हा सिंगापुरात क्वीन्सटाउनला जुन्या वसाहतीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, बाराव्या मजल्यावर. माझं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, चांगी बिझनेस पार्कात. एका वर्षी ऑफिसनं टीम बिल्डिंगच्या नावाखाली आम्हाला दोन दिवस इम्प्रोव्ह शिकवलं. संहिता नाही, तालीम नाही. दोघांनी उभं राहायचं आणि सुचेल ते बोलत प्रवेश करायचा. नियम एकच. समोरचा जे म्हणेल ते नाकारायचं नाही. 'हो' म्हणायचं, 'आणि' म्हणायचं, आणि त्यात आपली भर घालायची. समोरच्यानं तुम्हाला डॉक्टर म्हटलं की तुम्ही डॉक्टर. मला कोणीतरी बिघडलेली लिफ्ट केलं. मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकून असा काही कुंथलो, की आमची मोठी साहेबीण डोळे पुसत बाहेर गेली. अप्रेजलला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पण माझं डोकं फिरलं ते तेव्हापासून.

त्याच सुमारास आमच्या ओळखीची एक मुलगी तिथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञानात पोस्टडॉक करत होती. मुलगी म्हणजे तिशीतली. तिला वाटायचं, मराठी माणसांनी महिन्यातून एकदा जमावं आणि गणपती, शाळा, प्रॉपर्टी सोडून काहीतरी बोलावं. जुरोंग ईस्टला एका मित्राच्या काँडोची, म्हणजे त्याच्या सोसायटीची, फंक्शन रूम तिनं मिळवली. पहिल्या चर्चेला चारजण आले, त्यातला एक एसीसाठी. मी तिला म्हटलं, "यात थोडं इम्प्रोव्ह घालू या."

"म्हणजे काका, चर्चेला चटणी लागते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"चटणी नव्हे, फोडणी. आणि काका नको, दादा म्हण."

"बरं, काका."

पद्धत ठरली ती अशी. गोल करून बसायचं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून एक चिठ्ठी काढायची. तिच्यावर एक प्रश्न. 'कोणी बघत नसेल तर माणूस चांगला का वागतो?' 'भाजी छान झालीय असं म्हणणं हे खोटं बोलणं की प्रेम?' त्यावर मनापासून बोलायचं. बोलता बोलता कोणाला काही सुचलं की त्यानं उठायचं, दुसऱ्यानं त्याच्यासमोर यायचं, आणि त्या प्रश्नाचाच प्रवेश करायचा. सुरुवातीला ती मुलगी देवघरातली छोटी घंटा आणायची. घंटा वाजली की चर्चा संपली आणि खेळ सुरू. मला ती घंटा खटकायची. रंग भरत आला की टिणटिण, की सगळं थंड. मी म्हटलं, घंटा बंद करू या.

"मग कळणार कसं, माणूस खरं बोलतोय की खेळतोय?" तिनं विचारलं.

"अगं, तेच तर तत्त्वज्ञान!"

हे वाक्य मी टाळी मिळावी म्हणून टाकलं होतं. तत्त्वज्ञांचा घोटाळा असा, की ते अशा वाक्यांवरही विचार करतात. तिनं आठवडाभर विचार केला आणि घंटा आणायची बंद केली. त्याऐवजी मीच नियम घातला, बसून बोलेल त्याची चर्चा, उभा राहील त्याचं नाटक. चौथ्या महिन्याला खोलीत तीस माणसं. बिर्याणीची ऑर्डर द्यावी लागायला लागली. प्रश्न कुठलाही असो, मी उठलो की लोक आधीच हसायला लागत. आमच्या बारा वर्षांच्या मुलीचं मत वेगळं होतं. निघताना ती तिथल्या इंग्रजीत म्हणायची, "बाबा, प्लीज, नो लिफ्ट टुडे, लाह."

आता सासऱ्यांकडे येतो.

सासरे सांगलीचे, टेलिफोन खात्यातून टेक्निशियन म्हणून रिटायर झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या. माझी बायको विमानं बदलत, टॅक्सी पकडत पोचली तोवर सगळं उरकलेलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त ठरवून टाकलं, की अण्णांना आता एकटं ठेवायचं नाही. तीन महिन्यांत तिनं त्यांना आणलं. आईवडिलांसाठीच्या लाँग टर्म पासचा, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याचा, अर्ज भरला. सांगलीचा दोन खोल्यांचा ब्लॉक विकायचं ठरलं. त्यासाठी तिच्या चुलतभावाच्या नावानं मुखत्यारपत्र करायचं होतं, आणि त्यावर अण्णांनी सिंगापुरातल्या आपल्या वकिलातीत जाऊन, साहेबासमोर सही करायची होती. मंगळवारची वेळ मिळाली होती. या सगळ्याला अण्णा काय म्हणाले? अण्णा म्हणाले, "बरं." आम्ही ते बरं म्हणजे बरं असं धरलं.

आल्या आल्या पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे स्क्रू आवळले. कपाटाचं दार सरळ केलं, राइस कुकरचा प्लग बदलला, शेजारच्या मलाय बाईंची दारावरची बेल चालू करून दिली. दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "तुमच्याकडं काही बिघडतच नाही हो जावईबापू." आवाजात तक्रार होती. मी ती कौतुक म्हणून घेतली. मग ते सकाळी खाली जाऊन बसायला लागले. तिथं चिनी म्हातारे पट मांडून खेळत. "ते मान हलवतात, मी मान हलवतो," अण्णा सांगायचे. "त्याच्या पुढं दोघांची गाडी जात नाही." आणि रोज संध्याकाळी सांगलीला शेजाऱ्यांना फोन. "पंखा फिरवला का हो? दहा मिनिटं फिरवा, नाहीतर जाम होतो. आणि नळ सोडा जरा. हां, दोन्ही."

त्यांना दोनदा आमच्या बैठकीला नेलं. ते गोलात हात मांडीवर ठेवून बसले, प्रत्येक बोलणाऱ्याकडे वळून बघत राहिले. जेवताना मी त्यांना नियम समजावला. "अण्णा, समोरचा काहीही म्हणाला तरी नाही म्हणायचं नाही. हो म्हणायचं, आणि पुढं न्यायचं."

"म्हणजे जावयाशी बोलतो तसंच की."

मी पोट धरून हसलो. ऑफिसात, मराठी मंडळात, सगळीकडे सांगितलं, आमचे सासरे काय टायमिंग मारतात! ते मला काहीतरी सांगत होते हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारच्या आधीचा शनिवार. डब्यातून चिठ्ठी निघाली, 'आपलं घर कुठलं, हे कोण ठरवतं?' विषय असा की सगळ्यांना कंठ फुटला. एक बँकवाला म्हणाला, जिथं वायफाय आपोआप लागतो ते घर. एक बाई म्हणाल्या, जिथं आपण पाहुण्यांना 'बसा' म्हणतो ते. तत्त्वज्ञानवाली म्हणाली, माणूस घर निवडतो असं आपण समजतो, पण पुष्कळदा आपण फक्त दुसऱ्यानं निवडलेल्या घराला होकार देतो. तो होकार आपला असतो का? हे ती अगदी साधं बोलली.

तेवढ्यात अण्णांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. आणि उठून उभे राहिले.

इथं एक सांगायला हवं. अण्णांच्या पिढीचा माणूस चार लोकांत बोलायचं असेल तर उभा राहतो. सोसायटीची मीटिंग असो, युनियनची असो, तेरावा असो. बसून बोलणं म्हणजे समोरच्यांचा अपमान. त्यांनी सदऱ्याची खालची कड ओढून सरळ केली. म्हणाले, "मी बोलू का? माझं म्हणणं एवढंच, की मला इथं काही कमी नाही. लेक बघते, जावई बघतात. नात तर काय, गुणाची आहे. पण मी सकाळी उठतो आणि मला कळत नाही, आज मी काय करायचं. तिकडं मला कळतं. तिकडं मी नसलो तर काहीतरी बंद पडतं. इथं मी असलो काय नि—"

आणि मी उठलो.

प्लॅस्टिकची खुर्ची सरकवली, त्यांच्यासमोर बसलो, काल्पनिक काचेवर टकटक केलं. "नेक्स्ट! अंकल, पासपोर्ट?"

खोली फुटली. अण्णा क्षणभर गोंधळले. मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं, सगळे हसताहेत, जावई समोर इमिग्रेशनचा साहेब झालेला आहे. आणि त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढून माझ्यापुढं ठेवली. काय सांगू, तो हशा! मी डबी उघडली, चष्म्याशी त्यांचं तोंड ताडून पाहिलं.

"येण्याचं कारण?"

"लेक."

"किती दिवस राहणार?"

"जावई म्हणतील तितके."

लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. माझी बायकोही हसत होती, तोंडावर ओढणी धरून.

"तिकडं घरी कोण असतं?"

अण्णा थांबले. "पंखा असतो," ते म्हणाले.

"हो, आणि?"

"आणि नळ."

"पंखा तुमच्यावर अवलंबून आहे?"

"हो. आणि... फिरवला नाही तर जाम होतो."

"मग असं करू. पंख्याचा डिपेंडंट पास काढू. पाती तीन, म्हणजे फोटो तीन लागतील!"

ही त्या वर्षातली माझी सर्वांत मोठी टाळी. अण्णांना पुढं काहीतरी म्हणायचं होतं. "साहेब, पंखा इथं नको, मला तिकडं—" एवढं ते म्हणाले. पण इम्प्रोव्हमध्ये हशा चढणीला असतानाच प्रवेश संपवायचा असतो. ते मला शिकवलेलं होतं. मी मूठ वळली, त्यांचा तळहात धरला आणि त्यावर शिक्का हाणला, "अप्रूव्ह्ड! लाँग टर्म!"

अण्णांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली बसले.

खुर्च्या आवरताना तत्त्वज्ञानवाली माझ्याजवळ आली. "काका, ते खेळत नव्हते हो."

"छे गं, काय मस्त खेळले! चष्म्याची डबी मी सांगितली नव्हती."

"ती नंतर. आधी ते खेळत नव्हते."

"उभे राहिले ना पण," मी म्हटलं. आणि बिर्याणीकडे गेलो.

किस्सा सांगताना मी पुढं असं सांगायचो, की बघा, कसा घोळ झाला! म्हातारा शिष्टाचार म्हणून उभा राहिला, आणि आमचा नियम उभा राहील त्याचं नाटक, मग मला कळणार कसं? लोकांना हे पटायचं. कुणाचीच चूक नाही. नियमांची टक्कर झाली. मलाही ते पटलं असतं, पण कोणीतरी तो प्रवेश मोबाइलवर घेतला होता.

रविवारी व्हिडिओ ग्रुपवर आला. हसून रडणारे पिवळे चेहरे रांगेनं. रविवारी मी तो पाच-सहा वेळा पाहिला. म्हणजे मला पाहिलं. सोमवारी सकाळी एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, इयरफोन लावून पुन्हा लावला, पंख्याच्या टाळीसाठी. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा तो तुटायला लागला, म्हणून मी मागं नेला, तर तो पार सुरुवातीला गेला. अण्णा उभे आहेत. "मला कळत नाही, आज मी काय करायचं," म्हणताहेत. कोपऱ्यात मी दिसतो. मी त्यांच्याकडे बघतो आहे. हसत नाही. सुचल्यावर माणसाचा चेहरा उजळतो ना, तसाही नाही. नीट ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा आहे. मग मी मान वळवून बायकोकडे बघतो. ती खाली बघते आहे. मग परत अण्णांकडे. आणि मग मी उठतो.

म्हणजे मला कळलं होतं.

ते खरं बोलताहेत हे मला कळलं होतं, पुढचं वाक्य काय येणार हेही कळलं होतं. ते वाक्य आलं असतं तर मुखत्यारपत्र फाडावं लागलं असतं, पासचा अर्ज मागं घ्यावा लागला असता, बायकोला रडू आलं असतं, आणि तीस लोकांसमोर मी असा जावई ठरलो असतो, की ज्याच्या घरी सासऱ्याला राहवत नाही. हे सगळं तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात आलं आणि मी लोकांना हसवलं. माझं स्टेशन आलं, गेलं, मला कळलं नाही. परत उलट्या गाडीत बसलो. ऑफिसला उशिरा पोचून 'ट्रेन फॉल्ट' असं सांगितलं. सिंगापुरात ते पटतं. तिथं तेव्हा गाड्या बंद पडत असत.

घरी येऊन अण्णांशी बोलायचं ठरवलं होतं. पण अण्णा उत्साहानं मुखत्यारपत्राच्या कागदांना टाचण्या लावत बसले होते. त्यांना आठवड्यात पहिल्यांदाच काम मिळालं होतं. "सगळं लावलंय," म्हणाले. "झेरॉक्ससुद्धा दोन दोन." मी "वा" म्हटलं आणि आंघोळीला गेलो.

मंगळवारी मी रजा काढून त्यांना घेऊन गेलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमचा नंबर आला. खिडकीतल्या साहेबांनी कागद चाळले, अण्णांकडे बघून हिंदीत विचारलं, "बाबूजी, अपनी मर्जी से साइन कर रहे हैं न? पढ़ लिया है सब?"

भला माणूस. ओळीतल्या प्रत्येकाला तो तेच विचारत असणार.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते घाबरले नव्हते, रागावलेलेही नव्हते. चेहऱ्यावर एक तयारीचं, मदत करणारं हसू होतं. काचेच्या आत साहेब, बाहेर ते. शनिवारी असंच होतं. पुढं काय म्हणायचं, कुठं थांबायचं, हे आता जावई खुणेनं सांगतील, असं ते बघत होते.

मी आयुष्यात पुष्कळदा लाजलो आहे. शाळेत पॅन्ट उसवली तेव्हा, इंटरव्ह्यूत पाणी सांडलं तेव्हा. त्या लाजा चारचौघांतल्या असतात, चारचौघं पांगली की जातात. अण्णांच्या त्या हसण्यानं जी लाज वाटली तिला कोणी साक्षीदार नव्हता, आणि ती अजून आहे.

"सर, एक झेरॉक्स राहिलाय," मी म्हटलं. "परत येतो."

"झेरॉक्स आहे की! मीच लावलाय," अण्णा म्हणाले. मी कागद गोळा केले आणि त्यांना दंडाला धरून जवळजवळ ओढतच बाहेर आणलं.

रस्त्याच्या कडेला सावलीत बाक होता. त्यावर बसलो. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला परत जायचंय का?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं, आणखी कोण ऐकतंय ते. मग मला विचारलं, "आत्ता तुम्ही कोण? साहेब की जावई?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"जावई," मी म्हटलं.

"मग जावयाला काय सांगणार?" ते म्हणाले. "लेकीच्या घरी राहिलो, जेवलो, आणि वर हे सांगू?"

मला वाटलं, मला युक्ती सुचली. आता लिहितानाही कान गरम होतात. मी बाकावर सरकून ताठ बसलो, आवाज बदलला आणि म्हटलं, "बरं मग साहेबाला सांगा. बोला अंकल, काय काम आहे?"

अण्णांनी मान हलवली. "नको. साहेब पुरतं ऐकून घेत नाही. लगेच शिक्का मारतो."

मग आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत बसलो. एक बस आली, उघडली, मिटली, गेली. दुसरी आली. बोलण्यासारखं सुचत होतं, पण जे सुचत होतं ते सगळं हसण्यासारखंच होतं. बऱ्याच वेळानं अण्णा रस्त्याला सांगावं तसं म्हणाले, "ब्लॉक विकू नका. दुसरं काही नाही. मी येत जाईन की अधूनमधून. पण ब्लॉक विकू नका."

"नाही विकत."

"तिला काय सांगायचं?"

"मी सांगतो."

"तुम्ही नीट सांगा," अण्णा म्हणाले. 'नीट' या शब्दावर त्यांनी किंचित जोर दिला. मला मिळालेला सर्वांत सौम्य आणि सर्वांत कडक शेरा.

बायकोला मी संध्याकाळी सांगितलं, स्वयंपाकघरात, ती कणीक मळत असताना. आधी ती म्हणाली, "तुला सांगितलं त्यांनी? मला नाही सांगितलं?"

"तुलाही सांगितलं. शनिवारी. सगळ्यांना सांगितलं."

तिचे हात थांबले. मला वाटलं, आता माझ्यावर चिडेल. मी त्याची तयारी करून आलो होतो, दोन वाक्यंही जुळवली होती. ती म्हणाली, "मी पण हसले रे."

"तू काय, सगळेच—"

"सगळ्यांचं सोड. तू उठला नसतास ना, तर मला उठून काहीतरी म्हणावं लागलं असतं. तू उठलास तेव्हा मला बरं वाटलं." आणि मग, कणकेकडे बघत, "आईच्या वेळी मला पोचता आलं नाही. म्हणून मी यांना इथं आणून ठेवलं, म्हणजे आता उशीर व्हायला नको. त्यांना काय हवं ते मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं ना?"

"नसतं सांगितलं," मी म्हटलं.

"तू गप्प बस," ती म्हणाली. मी गप्प बसलो. चार दिवस आमच्या घरात भांड्यांचेच आवाज होते. पाचव्या दिवशी तिनं तिकीट काढलं, आणि अण्णांना स्वतः सांगायला त्यांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. आतून काही ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. अण्णा मात्र लगेच बॅगेची चाकं तपासायला बसले.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत पब्लिकनं पंख्याचा साहेब पुन्हा मागितला. मी घसा बसल्याचं कारण सांगितलं. तत्त्वज्ञानवालीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवीतून घंटा काढून टेबलावर ठेवली. ती आणखी काही महिन्यांनी दुसऱ्या देशात नोकरीला गेली. मग चर्चा गळाली, नुसते प्रवेश राहिले, मग प्रवेशही गळाले आणि बिर्याणी राहिली. पण किस्सा मी सांगत राहिलो. व्हिडिओ पाहिलेला असूनही, दर वेळी तो कोपऱ्यातला चेहरा गाळून, थेट "नेक्स्ट! पासपोर्ट?" पासून. हशा मिळायचा, एवढंच.

अण्णा सांगलीला गेले. दर रविवारी बायको फोन लावायची. लेकीशी ते तब्येतीचं बोलत, नातीशी शाळेचं. फोन माझ्याकडे आला की आवाज बदलायचा. एकदम तरतरीत होऊन, "बोला साहेब! पंख्याचा पास कुठवर आला?" मी हसायचो. ते हसायचे. "बरे आहात ना?" "मजेत!" संपलं. मी कितीदा ठरवलं की आज सरळ विचारीन, जेवता काय, झोप लागते का. प्रत्येक वेळी ते माझ्या आधी विनोद करायचे, आणि नियमाप्रमाणे मी हो म्हणून पुढं न्यायचो. त्यांना वाटत असावं, जावयाला हेच आवडतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. मीच शिकवलं होतं.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. एका बुधवारी, भर दुपारी, मी ऑफिसात असताना माझ्या मोबाइलवर त्यांचा फोन आला. रविवार सोडून बोलणं व्हायचं नाही, आणि मला त्यांनी स्वतः तर कधीच फोन केला नव्हता. मी मीटिंगमधून उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो.

"अण्णा? काय झालं?"

"काही झालं नाही. कामात आहात का?"

"नाही, बोला."

"हसायचं नाही हं," अण्णा म्हणाले.

"नाही हसत."

मला वाटलं, फोन कट झाला. मग ते म्हणाले, "कंटाळा येतो हो. एकट्याचा. सकाळी सगळं चालू-बंद करून होतं नऊपर्यंत. मग दिवस फार मोठा असतो."

माझ्या तोंडाशी तीन-चार गोष्टी आल्या. मग या ना इकडे. तुम्हीच हट्टानं गेलात. आणि एक विनोद. तोही आलाच, सवयीनं, आणि बरा होता. कॉरिडॉरमधून माणसं कॉफीचे कप घेऊन जात होती. एकानं मला हात केला. मी भिंतीकडे तोंड केलं.

"हं," मी म्हटलं.

अण्णा वाट बघत होते. मी हसतो का, पुढं काही जोडतो का, हे ते ऐकत असावेत. मी काही जोडलं नाही.

"बास," ते म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं. तिला सांगू नका, ती लगेच तिकीट काढते. ठेवू?"

"असू दे थोडा वेळ," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.